पेली बाजू

सुरतेत आल्यावर दोन महिन्यांत मी डावं-उजवं विसरलो. दोष सगळा माझा नव्हता, निम्माच होता. आमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, माग दुरुस्त करणारे जे मास्तर होते त्यांच्या तोंडी हे दोन शब्दच नव्हते. मागाच्या एका बाजूला ते ‘नानपुरा बाजू’ म्हणत आणि दुसरीला ‘पेली बाजू’. पेली म्हणजे पलीकडची. “खानदेश, पेली बाजूचा नट ढिला आहे, आवळ,” असं ते मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून सांगत, आणि मी हातात पाना घेऊन, नक्की कशाच्या पलीकडची, या विचारात उभा राही. तोवर नट गळून पडलेला असे.

पुढे खुलासा झाला. मास्तर कुठेही उभे असले तरी मनाने तापीच्या पात्रात, समुद्राकडे तोंड करून उभे असत. तसं उभं राहिलं की डाव्या हाताला नानपुरा येतो. उजव्या हाताला, पलीकडच्या काठावर, रांदेर. पण रांदेर हा शब्द त्यांनी टाकला होता. अकरा वर्षं. डोकं दुखलं तर ‘पेली बाजूचं दुखते’ म्हणत. उजव्या पायात काटा गेला तरी तो पेली बाजूच्या पायात जाई.

रांदेरला त्यांचा थोरला भाऊ राहत होता.

मास्तर आधी खलाशी होते. दोघा भावांचं मिळून एक मालवाहू गलबत होतं. मंगलोरी कौलं, लाकूड, खजूर, जे मिळेल ते भरून ते किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडत. तो धंदा बुडाल्यावर मास्तर मागावर आले, पण खलाशीपण त्यांनी बाहेर काढून ठेवलं नाही. खात्यात शीळ घालायला बंदी होती, कारण शिळेने वादळ येतं. पत्र्याच्या शेडमध्ये वादळ कुठून येणार, असं एकदा मी विचारलं. ते म्हणाले, “वादळ आतल्या माणसाला विचारून येते काय?” शेटने हौसेने भिंतीवर मोठं घड्याळ लावलं होतं, त्याच्याकडे ते कीव केल्यासारखं बघत. भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते आणि घड्याळाला हे कोणी सांगितलेलंच नाही, अशी त्यांची तक्रार होती. “रोज तेच तेच बोलते,” ते म्हणत. आम्हाला ते वेळही पाण्यावरच देत. ‘पाणी फिरल्यावर ये,’ म्हणजे कधी, हे नदीवर जाऊन बसल्याशिवाय कळत नसे.

माणसांना ते गावाच्या नावाने हाक मारत. ओलपाडचा एक कारीगर होता, तो ओलपाड. मी खानदेश. आमच्या खात्यात खानदेशचे आम्ही अकरा जण होतो, पण हा किताब मास्तरांनी मला एकट्याला दिला होता. उरलेले दहा आपापल्या नावाने समाधानी होते.

मी बढाई मारली नसती तर पुढचं काही घडलं नसतं. एकदा चहा पिताना मी म्हणालो, “मास्तर, आम्ही पण तापीकाठचेच. तुमच्याकडे येतं ते पाणी आमच्याकडचं उष्टं.”

मास्तरांनी बशी खाली ठेवली. “होडी चालवते तू?”

“चालवलीय की.”

माझा नौकानयनाचा अनुभव असा होता: लहानपणी नदीला पूर असताना गुळाच्या काहिलीत बसून मी एकदा पैलतीरी गेलो होतो, डोळे मिटून, मामाच्या पोटाला मिठी मारून. येताना आम्ही तीन दिवस थांबून पाणी उतरल्यावर पायी आलो.

“मग सुट्टीला ये,” मास्तर म्हणाले. “पाणी फिरल्यावर.”

आठवड्यातून एक दिवस आमच्या भागातली वीज बंद असे, तोच सुट्टीचा वार. खोलीत माझ्याशेजारी झोपणाऱ्या गाववाल्याला मी बेत सांगितला. तो म्हणाला, “तुले पव्हता येस का?”

“नही.”

“मंग नावमा काय करशी?”

“बससू,” मी म्हणालो. पुढच्या महिनाभराचं याहून अचूक वर्णन मला आजही करता येणार नाही.

मास्तरांची होडी नानपुऱ्याच्या ओवाऱ्याला बांधलेली असे. ओवारा म्हणजे घाट. होडी लहान, चार माणसांची, पण शीड बघण्यासारखं होतं. आमच्याच खात्यातल्या बिघडलेल्या मालाचं त्यांनी ते हाताने शिवलं होतं. पोपटी नायलॉन, त्यावर मोरांची बुट्टी, आणि छपाईत घोळ झाल्यामुळे सगळ्या मोरांच्या माना उलट्या बाजूला. साडी म्हणून कोणी घेतली नाही ती नदीवर वाऱ्याने भरली की काठावरच्या बायका धुणं थांबवून बघत.

पहिल्या दिवशी मला सुकाणू मिळालं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते, हे मास्तरांनी मला तीनदा सांगितलं. मला ते तीनदा कळलं. चौथ्या वेळी समोर म्हशी बसल्या होत्या, आणि म्हशी समोर असताना माणूस घाईत जे करतो ते मी केलं. होडी सरळ त्यांच्या मधोमध जाऊन थांबली. एका म्हशीने आमच्याकडे पाहून कान हलवला. मास्तर तिला म्हणाले, “नवीन आहे.”

दुसऱ्या वेळी मी होडी स्वतःच्या हाताने ओवाऱ्याच्या कडीला बांधली. चांगली आखूड, घट्ट, बैलाला बांधतात तशी. मग आम्ही चहा प्यायला गेलो. गप्पांत दोन-तीन तास गेले. परत आलो तर नदी खाली निघून गेली होती आणि होडी कडीला लटकत होती, खुंटीवर सदरा लटकावा तशी. आतली वल्ही, डबा आणि मास्तरांची चप्पल चिखलात. आमच्या गावी नदी पावसाळ्यात चढते आणि मग उरलेलं वर्ष सावकाश उतरत राहते. दुपारच्या दुपारी उतरणारी नदी मी पाहिलेली नव्हती. मास्तरांनी चिखलात उतरून चप्पल उचलली.

“तुमची तापी दुपारी घरी नाही जात?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

“मग दिवसभर काय करते?”

तरी ते शिकवत राहिले. मुंबई बंदरात शिकलेलं मराठी, हिंदी आणि सुरती गुजराती असा त्यांचा मिसळलेला पाठ असे, आणि कळलं नाही तरी मी मान हलवत असे. वाऱ्याला ते कधी हवा म्हणत, कधी पवन, आणि सुकाणू माझ्या हातात देताना म्हणत, “ले, तारो वारो.” तारो म्हणजे तुझा, एवढं मला येत होतं. तुझा वारा. आयुष्य पाण्यावर काढलेल्या माणसाकडे वाऱ्याला तीन शब्द असणारच. म्हणून ‘तारो वारो’ ऐकलं की मी सुकाणूला हात लावण्याआधी उभा राही, बोट ओलं करून वर धरी, चारी दिशांना तोंड फिरवी आणि मगच बसे. मास्तर हे सगळं शांतपणे पाहत. एकदा ते ओलपाडला म्हणाले, “खानदेशला अक्कल कमी आहे, पण पूजा मोठी करते.”

ओलपाडला मी विसरलो. तोही शिकायला येत असे. त्याला तीन सुट्ट्यांत सगळं जमलं. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मला एकच गोष्ट पक्की जमली, तीही पाण्यावर नाही, चहाच्या टपरीवर. मास्तरांनी माझ्या वाफाळत्या बशीकडे बोट दाखवलं. वाऱ्याने वाफ तिरकी जात होती. मग ते उठून वाऱ्याच्या बाजूला उभे राहिले, धोतर दोन्ही हातांनी पसरून. वाफ सरळ वर गेली.

“काय झालं?”

“वारा थांबला.”

“नाही थांबला. मी खाल्ला. वारा पाठीमागून असला ना, तर मागची होडी पुढच्या होडीचा खाते. तिचं शीड पडते, तू निघून जाते. शर्यतीत असाच माणूस मारतात.”

त्या दिवसापासून मी दिसेल त्याचा वारा खाऊ लागलो. खोलीत पंखा एकच होता. गाववाला माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

दोन भावांचं भांडण काय होतं ते मला टपरीवाल्यानेच सांगितलं. पहाटे खाडीच्या तोंडाशी त्यांचं गलबत वाळूच्या दांड्यावर चढलं आणि मधोमध मोडलं. माणसं सगळी वाचली. चिखलातून चालत काठावर येईपर्यंत दोघे भाऊ एकच वाक्य एकमेकांना विचारत होते, ‘वारो कोनो हतो?’ हा म्हणाला तुझा, तो म्हणाला तुझा. त्यानंतर बोलणं बंद. वारा कोणाचा होता यावरून सख्खे भाऊ अकरा वर्षं बोलत नाहीत, हे ऐकून मला आदर वाटला. आमच्याकडे बांधावरून बोलत नाहीत. हे लोक फार वरच्या पातळीवर भांडत होते. मला कळलं ते असं. कळलं हा शब्द इथे सैल अर्थाने घ्यावा.

मग एके दिवशी मास्तरांची पुतणी नदी ओलांडून खात्याच्या दारात आली. थोरल्या भावाची ही एकुलती एक मुलगी. मास्तरांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, बायको जाऊन वर्षं झाली होती, एकटेच राहत. मुलगी आत आलीच नाही. दारातून तिने हाक मारली आणि मास्तर हातातला पाना घेऊनच बाहेर गेले. मी जवळच्या मागावर होतो. तो माग मी बंद केला.

“काका, पंधरा दिवसांवर लग्न आलं माझं.”

“ऐकलं.”

“बापूजी म्हणतात, तो येऊन बोलला तर बोलवीन. तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे.”

मास्तरांनी पान्याला लागलेलं तेल धोतराला पुसलं.

“तर शर्यत लावा,” ती म्हणाली. “तुमची होडी आणि बापूजींची. हरेल तो आधी बोलेल. बापूजींना मी कबूल करून आले आहे. आणि सुकाणूला तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही. हात लावला की पुन्हा अकरा वर्षं. दुसऱ्या कोणाला बसवा, तुम्ही हाताची घडी घालून बसा.”

“आणि हरलेला नाही बोलला तर?”

“तर मंडप नदीत घालते. मधोमध. दोघे आपापल्या काठावरून अक्षता टाका.”

ती गेली. मास्तर आत आले, आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, “खानदेश. सुकाणूवर तू.”

खातं गप्प झालं. म्हणजे माग चालू होते, माणसं गप्प झाली. ओलपाड म्हणाला, “मास्तर, मी आहे ना.” मास्तर म्हणाले, “तू शिडाचा दोर धर. सुकाणू खानदेशकडे.” त्या रात्री मी घरी पत्र लिहिलं. सुरतेत माझ्या कामाची कदर होते आहे, असं त्यात होतं.

शर्यत अशी होती: नानपुऱ्याच्या ओवाऱ्यावरून निघायचं, खाली उमऱ्याजवळ नदीत नांगरलेल्या एका रिकाम्या पिपाला वळसा घालायचा आणि ओवाऱ्यावर परत यायचं. जाताना ओहोटीबरोबर, पण वारा समोरून. येताना भरती आणि वारा दोन्ही पाठीशी. थोरला भाऊ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मास्तरांसारखाच, फक्त मिशा जास्त. हाताची घडी घालून होडीत बसला होता. त्याच्या सुकाणूवर होणारा जावई होता, अमदाबादचा शाळामास्तर. त्याने सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता, कोणी हिसकावून नेईल असा. मला त्याच्याकडे बघून बरं वाटलं. या माणसाला कोणी का निवडलं असेल, हा प्रश्न मला पडला नाही. तो प्रश्न पडला असता तर त्याला लागून दुसराही पडला असता.

जाताना आम्ही दोनदा चिखलात गेलो. एकदा अमदाबादने आमच्यावर होडी घातली आणि उभं राहून माफी मागितली, त्यामुळे त्याची होडी आणखी वळली. इतर वेळी मास्तरांनी माझ्या सात पिढ्या मोजल्या असत्या. त्या दिवशी ते नुसतं म्हणत होते, “हारू, हारू.” सुरती तोंडात ‘स’चा ‘ह’ होतो. सारूचं हारू होतं. म्हणजे छान, छान. ते खरंच छान म्हणत होते की आपण हरू म्हणत होते, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

पिपाला वळसा त्यांनी आधी घातला. पिपाला धडकून घातला, पण घातला. आम्ही वळलो तेव्हा ते चार होड्यांच्या अंतराने पुढे होते. वारा पाठीमागून लागला. मास्तरांनी विडी पेटवली. एवढे निवांत मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

“मास्तर, ते पुढे गेले,” मी म्हणालो.

“जवा दे,” ते हळूच म्हणाले. “एनो वारो.”

एनो म्हणजे त्याचा. त्याचा वारा. मी बघितलं, आणि खरंच होतं. त्यांचं जाड कापडाचं शीड गच्च भरलं होतं. आज वारा त्याचा आहे, असं माझा गुरू मला हळूच सुचवत होता, आणि दुसऱ्याच्या वाऱ्याचं काय करायचं असतं ही एकच गोष्ट मला या जगात येत होती.

मी दांडा ढकलला, बरोबर उलट्या बाजूला. होडी त्यांच्या थेट पाठीमागे आली. ओलपाडने न सांगता दोर सोडला आणि आमचे उलट्या मानांचे मोर दोन्ही हात पसरल्यासारखे फुलले. समोरचं शीड एकदा फडफडलं आणि ओल्या धोतरासारखं पडलं.

मास्तरांच्या तोंडातली विडी पाण्यात गेली.

“शूं करे छे?”

“त्याचा वारो खातोय, मास्तर.”

“अरे एनो वारो,” ते म्हणाले.

“हो, मास्तर.”

“एनो वारो. एनो.” त्यांचा आवाज चढत गेला. ते गुडघ्यावर उभे राहिले, दोन्ही हात सुकाणूकडे गेले आणि पुतणीला दिलेला शब्द आठवून परत काखेत गेले. ओवाऱ्यावर मुलगी उभी होती, ती सगळं बघत होती. मास्तर जितक्या जोराने ‘एनो वारो’ म्हणत तितक्या जोराने मी वारा खात होतो. गुरूने एवढा हुरूप दिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. अमदाबादच्या बाजूने जाताना त्याने मला नमस्कार केला. थोरला भाऊ मात्र हाताची घडी न मोडता आपल्या धाकट्या भावाकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर हरणाऱ्याचा राग नव्हता. सुटल्यासारखा चेहरा होता.

आम्ही ओवाऱ्याच्या पायरीला एवढ्या जोराने लागलो की मी उतरलो नाही, पोचलो.

मागून त्यांची होडी आली. थोरला भाऊ गुडघाभर चिखलात उतरला, चालत मास्तरांसमोर आला आणि उभा राहिला. टपरीवाला, धुण्याच्या बायका, ओलपाड, कोणी हललं नाही. मुलगी पदराचं टोक पिळत होती. म्हाताऱ्याने दोनदा घसा साफ केला.

“वारो मारो हतो,” तो म्हणाला. मारो म्हणजे माझा.

 “ना,” मास्तर म्हणाले. “मारो.”

“तू धाकटा. तू झोपलेला. मारो हतो.”

“हूं जागतो हतो. वारो मारो हतो.”

पुन्हा सुरू झालं, मला वाटलं. पंधरा दिवसांवर लग्न, आणि हे पुन्हा वाऱ्याच्या मालकीवर आले. मिटवण्याच्या चांगल्या हेतूने मी पुढे झालो आणि म्हणालो, “बापूजी, माफ करा. वारो तुमचाच होता. पण मी खाल्ला.”

दोघे भाऊ माझ्याकडे बघू लागले. एकाच प्रकारे, एकच भुवई वर करून. ती त्यांची अकरा वर्षांतली पहिली एकत्र कृती.

मुलगी हसू दाबत म्हणाली, “भाई, वारो माने बारी. गलबतावर सुकाणूवर बसायची पाळी कोणाची होती, हे म्हणताहेत.”

पाळी. मी मागचा सगळा महिना मनात उलटा मोजत गेलो. ‘ले, तारो वारो,’ म्हणजे घे, आता तुझी पाळी. माझी पाळी आली की प्रत्येक वेळी मी उठून बोट ओलं करून आकाशाची पाहणी केली होती.

“मग एनो वारो म्हणजे तू काय समजला?” मास्तरांनी विचारलं.

मी सांगितलं. 

“मी सांगत होतो, त्याला पुढे जाऊ दे. आज त्याची पाळी.”

“पण मास्तर, हरायचं होतं तर मला आधी सांगायचं.”

“सांगायचं कशाला? तुला बसवला ना.” ते शांतपणे म्हणाले. “ओलपाड जिंकला असता. तुझ्यावर भरवसा होता.”

थोरल्या भावाने जावयाकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की भरवसा दोन्ही काठांवर ठेवलेला होता, आणि आम्हा दोघांत मीच तेवढा नालायक निघालो. मास्तरांनी ‘वारो मारो हतो’ हे एक वाक्य अकरा वर्षं सांभाळून ठेवलं होतं, आधी म्हणायचं म्हणून. ते त्यांना भावाच्या मागून म्हणावं लागलं, माझ्यामुळे. तरी पुरलं. लग्नात दोघे मांडवाच्या दारात शेजारी शेजारी उभे होते आणि पाळी माझी होती, नाही माझी होती, असं येणाऱ्या पाहुण्यांना साक्षीला घेऊन भांडत होते. मला दोघांनी आग्रह करून वाढलं. होडीत बसायला पुन्हा बोलावलं नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी खातं सुरू झालं. मास्तर माझ्या मागापाशी आले, कान लावून ऐकलं आणि त्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणाले, “खानदेश, रांदेर बाजूचा नट ढिला आहे.”

आजूबाजूच्या दोन-तीन जणांनी माग थांबवले. ओलपाडने डोक्यावरचं फडकं काढून उगाच तोंड पुसलं. मास्तर खाली बघत तेलाचा डबा शोधत होते. मलाही भरून आलं. मी पाना घेतला, वाकलो आणि नट आवळला.

डावीकडचा.